पाहुण्यांनी येऊ नये, मी कामावर आहे

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ११.४०

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना ही सवय असते.

निमित्त: पुण्याच्या मृणाल मॅडमनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, आज मीटिंगमध्ये जाहीर केलं. जानेवारीच्या शेवटी प्रत्येकाचा रिव्ह्यू. जो घरून नीट काम करतो असं दिसेल, त्याला कायमचं वर्क फ्रॉम होम. बाकीच्यांनी गुपचूप पुण्याला यायचं. बाकीच्यांचं कठीण आहे. माझं झालंच समजा.

पुण्यात काय ठेवलंय? एका खोलीत चार जण, मेसची डाळ, आणि बाथरूमला लाइन. इथे नागपूरपलीकडे, वडशाजवळच्या आपल्या गावात स्वतःचं घर, आईच्या हातचं जेवण, आणि साक्षी. मी जवळ नसलो की साक्षीला करमत नाही. ती तसं बोलत नाही, पण नवऱ्याला कळतं.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे. फिरणे. नऊला टेबलाशी.

२ डिसेंबर, सकाळी ९.५२

उठलो. थंडीत पहाटे उठणं हृदयाला वाईट असतं, कुठेतरी वाचलंय. दहाच्या मीटिंगला वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. कोणाला कळत नाही. यालाच स्मार्ट वर्क म्हणतात.

४ डिसेंबर

गावातल्या लोकांना वर्क फ्रॉम होम समजावणं म्हणजे म्हशीला इस्त्री करणं. आठ महिने झाले मी इथे आहे. आज झिंगूभाऊने भर चौकात विचारलं, काऊन विक्की, सुटला का काम? झिंगूभाऊ म्हणजे आमच्या गावच्या नाटक मंडळाचा अध्यक्ष. याच्यापलीकडे आयुष्यात काही नाही. मी त्याला शांतपणे सांगितलं की लॅपटॉप हेच ऑफिस, मी विम्याचे क्लेम तपासतो, माझ्याशिवाय पुण्यात पान हलत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, म्हणजे दिवसभर घरीच हायेस ना बे, मग मंडपाचे बांबू आणाले चाल.

गेलो नाही. (बांबू संध्याकाळी आणले. मीटिंग कॅन्सल झाली होती.)

६ डिसेंबर

घरात शिस्त आणली. समोरची खोली सकाळी दहा ते संध्याकाळी सात ऑफिस. या वेळात मिक्सर बंद, रेडिओ बंद, टीव्ही बंद. आईने पाट्यावर मसाला वाटायचा नाही, तो आवाज कॉलवर दगड फोडल्यासारखा येतो. बाबांनी खोकायचं असेल तर बाहेर. कांताने, म्हणजे माझ्या बहिणीने, मैत्रिणींशी फोनवर हसायचं असेल तर नहराच्या काठावर जाऊन हसावं. कोंबडा विकला.

साक्षी म्हणाली, आमी श्वास घेतला तर चालते का जी? हलक्या आवाजात घ्या म्हटलं. गंमत केली. कोणी हसलं नाही. ह्यूमर वरच्या दर्जाचा असला की असं होतं.

१० डिसेंबर

काल कॉलवर म्यूट करायचं राहिलं आणि मी बाबांवर ओरडलो की खोकून खोकून माझी नोकरी घालवता का. सगळ्या टीमने ऐकलं. मृणाल मॅडम म्हणाल्या, विक्रांत, प्लीज टेक केअर ऑफ युअर फादर. म्हणजे कुटुंबवत्सल म्हणून इम्प्रेशन पडलं. रिव्ह्यूत उपयोग होईल.

बाबा आता दिवसभर झिंगूभाऊच्या ओट्यावर बसतात. मोकळी हवा त्यांना मानवते.

१४ डिसेंबर, रविवार

आज मोठा निर्णय घेतला.

आमच्या गावचं नाटक आणि शंकरपट यंदा २८ जानेवारीला. आणि माझा रिव्ह्यू? २८ जानेवारी, दुपारी चार. आता नाटक म्हटलं की आमच्या झाडीपट्टीत लोकांचं डोकं फिरतं. दिवसा बैलं पळवायची, रात्रभर नाटक बघायचं, आणि गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. मामा, मावशी, मावशीची जाऊ, जावेचा भाचा. ज्याच्या अंगणात चपला जास्त, त्याची मान वर. ज्याच्या घरी कोणी आलं नाही, त्याच्याकडे लोक मयत झाल्यासारखं बघतात. इतका मागासपणा!

त्यात कांताचं प्रकरण. धानोऱ्याकडचा एक मुलगा आहे, झेडपीच्या शाळेत मास्तर. त्याच्या घरचे नाटकाच्या निमित्ताने येणार, मुक्काम करणार, पोरगी बघणार. आमच्याकडे अर्धी लग्नं अशीच जुळतात. चहापोहे वगैरे लागत नाही, मंडपात शेजारी बसलं की झालं. आई दिवाळीपासून याचीच तयारी करून राहिली आहे.

मी जेवताना जाहीर केलं. यंदा आपल्या घरी पाहुणे बंद. रिव्ह्यूच्या दिवशी समोरच्या खोलीत धानोऱ्याची वरात बसलेली मला चालणार नाही. सगळ्यांना फोन करून सांगा, येऊ नका. कांताचं पुढच्या वर्षी बघू, पोरगी काय कुठे पळून चालली?

कांता ताटावरून उठली. बाबांनी हात धुतले. आई माझ्याकडे बघत राहिली. घरात माझ्या शब्दाला किंमत आहे, हे बरं आहे.

१६ डिसेंबर

आई दोन दिवस बोलत नाही. मौनाचे फायदे तिला पटलेले दिसतात. भाजीत मीठ नव्हतं. तेही प्रकृतीला चांगलं.

१९ डिसेंबर

बाबांनी अजून धानोऱ्याला फोन केला नाही. विचारलं तर म्हणाले, तिकडे रेंज नाई. मला रेंजचं सांगतात! आमच्या घरात रेंज फक्त खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात येते. मोबाइल तिथे, लॅपटॉप इथे, मध्ये वायर. मान वाकडी झाली आहे. हे कष्ट पुण्यात कोणाला दिसतात का?

२१ डिसेंबर, दुपारी २

काल पलीकडच्या गावात नाटक होतं. मला नाटकाचा तिटकारा आहे. गेलो तो फक्त अभ्यासासाठी. मंडपाचा आवाज किती लांब जातो हे २८ तारखेच्या दृष्टीने पाहणं गरजेचं होतं.

अभ्यास नीट व्हायला हवा म्हणून शेवटपर्यंत बसलो. तिसऱ्या अंकात आई पोराला घराबाहेर काढते तो सीन. डोळ्यांत पाणी आलं, पण ते शेकोटीच्या धुराने. झिंगूभाऊ शेजारी बसून माझ्याकडे बघत होता, त्याला म्हटलं धूर आहे. शेकोटी कुठी हाये, म्हणाला. अडाणी माणूस.

२२ डिसेंबर, दुपारी १२.३०

घात झाला. नाही, घात नाही, संधी.

दोन रात्रींची झोप एकदम आली. परवाची नाटकाची आणि कालची, काल पुन्हा अभ्यासाला गेलो होतो. दहाची मीटिंग चुकली. क्लायंट होता म्हणे. साडेअकराला मृणाल मॅडमचा फोन, विक्रांत, व्हेअर आर यू? मी अर्धवट झोपेत होतो, तोंडातून निघून गेलं, मॅडम, दारात वाघ होता.

मग त्या म्हणाल्या, ओ माय गॉड, आर यू सेफ?

झालं. टीमच्या ग्रुपवर माझ्यासाठी हात जोडलेल्या खुणा. एकाने विचारलं, वाघ किती मोठा होता. मी लिहिलं, ऑफिसातल्या सोफ्याएवढा. पुण्याच्या लोकांना काहीही सांगा, पटतं. शिकलेली माणसं ही!

६ जानेवारी

वाघ फार कामाचा निघाला. २९ तारखेला उठायला उशीर: वाघ विहिरीपाशी. २ तारखेला रिपोर्ट राहिला: वनखात्याने सगळ्यांना घरात बसायला सांगितलं. काल मॅडमनी विचारलं की घरातच बसलात तर रिपोर्ट का नाही केला. तेव्हा वाघीण आणि दोन पिल्लं घ्यावी लागली. पिल्लांमुळे मुलींची सहानुभूती मिळाली.

साक्षीने ऐकलं. म्हणाली, काऊन जी खोटं बोलून राह्यले? उद्या कोणी विचारपूस केली तर? मी म्हटलं, पुण्याहून वाघ मोजायला कोण येणार? आणि वाघ तर आहेच की आपल्या जंगलात. ती म्हणाली, जंगलात हाये ना, आपल्या मोरीत नाई. बायकांना कॉर्पोरेट कम्युनिकेशन कळत नाही.

९ जानेवारी

स्क्रीन शेअर करताना चुकून नाटकाचा व्हिडिओ टीमला दिसला. क्लेमच्या कागदांऐवजी स्टेजवर बाई पदर पिळून रडत होती. स्थानिक संस्कृतीचा अभ्यास, म्हटलं. दोघांनी लिंक मागितली.

संकल्प: व्हिडिओ बघणं बंद. उद्यापासून पहाटे पाच.

१० जानेवारी, सकाळी १०.०५

रविवारपासून.

१३ जानेवारी

आईने मौन सोडलं. सकाळी मी कॉलवर असताना दाराशी उभी राहिली आणि सरळ म्हणाली, विक्की, तुया लग्नाच्या वेळी मी घर गहाण टाकाले निघाली होती, बहिणीसाठी तुले एक दिवस खोली सोडता येत नाई का? मी हाताने खूण केली, कॉल चालू आहे. ती म्हणाली, ठेव तुया कॉल चुलीत. या वेळी म्यूट होतं. माझी प्रगती बघा.

नंतर मी तिला प्रेमाने समजावलं की मला कायमचं घरून काम मिळालं तर मी जन्मभर इथेच राहीन, याच खोलीत, रोज दहा ते सात, रिटायर होईपर्यंत. ऐकून ती खाटेवर बसली. साक्षीने तिला पाणी दिलं. आनंदही कधी कधी सोसत नाही माणसाला.

१६ जानेवारी

मेल आली. आमच्या कंपनीत सेफ्टी नावाचं खातं आहे, हे मला आजच कळलं. त्यांनी लिहिलंय की वाघाच्या संदर्भात ते माझ्या इमर्जन्सी कॉन्टॅक्टशी फोनवर बोलणार. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणजे साक्षी.

घाबरण्याचं कारण नाही. साक्षीला समोर बसवलं. म्हटलं, वाघ आहे म्हणायचं. रोज येतो म्हणायचं. आणि मी घाबरत नाही, हेही सांगायचं. वाटलं होतं, खोटं बोलायला लावलं म्हणून डोकं खाईल. पण ती म्हणाली, बरं जी. सांगतो मी.

पहिल्या फटक्यात हो! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. शेवटी नवऱ्याच्या करिअरचं महत्त्व तिला कळलं.

१९ जानेवारी, संध्याकाळी

फोन आला. साक्षी मोबाइल घेऊन मागे सांदवाडीत, म्हणजे परसात, गेली, रेंज नसेल म्हणून मी सांगत होतो तरी. तिथे रेंज होती म्हणे. बराच वेळ बोलत होती. मी खिडकीतून बघितलं, एका हाताने वांग्याचं झाड धरून, मान हलवून हलवून सांगत होती. इतकी मोकळी ती माझ्याशीही बोलत नाही.

आत आल्यावर विचारलं, काय सांगितलं? म्हणाली, तुमी सांगतलं तेच सांगतलं. उलीसं वाढवून.

रात्री कोंबडीचा रस्सा. आईने स्वतःहून वाढला. दोनदा. घर पुन्हा माझ्या बाजूला येतंय.

२१ जानेवारी

साक्षीने माझे सगळे कपडे धुतले. स्वेटरसुद्धा. माळ्यावरची मोठी बॅग काढून उन्हात ठेवली, कोंदट वास येतो म्हणे. कांताने बुटांना पॉलिश केलं. रिव्ह्यूची तयारी सगळं घर करतंय असं दिसतं. बूट कॅमेऱ्यात दिसत नाहीत, पण भावना पोचली.

२३ जानेवारी, सकाळी ११

हे काय?

सेफ्टीची मेल. जशीच्या तशी लिहून ठेवतो, मराठीत: आपल्या निवासस्थानी जीवितास गंभीर धोका असल्याने आपली घरून काम करण्याची परवानगी तत्काळ रद्द करण्यात येत आहे. आपण २८ जानेवारीला सकाळी पुणे ऑफिसात हजर व्हावे. आपल्या पत्नीने फोनवर कळकळीने विनंती केली की आपल्याला शक्य तितक्या लवकर पुण्याला बोलावून घ्यावे, घरच्या सर्वांना त्यामुळे झोप लागेल. त्यांच्या भावनांचा कंपनी आदर करते.

कळकळीने.

२३ जानेवारी, दुपारी ३

मृणाल मॅडमना फोन केला. म्हटलं, वाघ गेला. त्या म्हणाल्या, विक्रांत, तुमचं डेडिकेशन मला माहीत आहे, पण लाइफ कम्स फर्स्ट. म्हटलं, वाघ पकडला, पिंजऱ्यात घालून नेला. त्या म्हणाल्या, आणि वाघीण? पिल्लं?

पुण्याच्या लोकांना काहीही सांगितलं की लक्षातच ठेवतात. बिनकामाची माणसं.

२३ जानेवारी, रात्री

साक्षीला जाब विचारला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, मले तुमची काळजी वाटली जी. तुमीच तर म्हणले, वाघ रोज येते.

शांतपणे विचार केला तर बाईचं प्रेमच आहे यात. माझ्याशिवाय कसं होईल याचा विचार न करता तिने माझा जीव वाचवला. मी नसताना या घराचं काय होईल, कोणालाच कळत नाही अजून. महिनाभरात रडत फोन येईल, परत या म्हणून.

२६ जानेवारी, वडसा बसस्टँड

सगळे सोडायला आले. बाबा बॅग घेऊन पुढे चालत होते, मला गाठता येईना. खोकला नव्हता. आईने पानाफुलांसारखं जपून डबा बांधून दिला. कांताने वाकून नमस्कार केला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. झिंगूभाऊही आला होता. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं, बरं झालं गड्या, लागली एकदाची नोकरी. मायबापाले काळजी होती.

मी आजवर कोणावर हात उचलला नाही. आज बस आली म्हणून तो वाचला.

साक्षीच्या डोळ्यांत पाणी होतं असं वाटलं. उन्हाकडे तोंड होतं तिचं. नागपूरची बस सुटेपर्यंत थांबा म्हटलं, तर आई म्हणाली, घरी लय काम हाये बापू.

२८ जानेवारी, पुणे. सकाळी १०.२०

ऑफिसात आलो. मजल्यावर मी आणि सिक्युरिटी. बाकी सगळे घरून काम करतात. मृणाल मॅडमसुद्धा. मीटिंग लॅपटॉपवरच झाली, मी एका कोपऱ्यात बसलो होतो. सवय.

दुपारी ४.१०

रिव्ह्यू झाला नाही. तो फक्त घरून काम करणाऱ्यांसाठी होता. मी ऑफिसचा माणूस असल्यामुळे मला लागू नाही, असं मॅडम म्हणाल्या. एका अर्थी माझा दर्जा वर गेला.

आज गावात नाटक. समोरची खोली रिकामी आहे. आईला सांगून आलोय, माझ्या टेबलाला कोणी हात लावू नका.

रात्री ८.३०

घरी फोन केला. कोणी उचलेना. पुन्हा केला. तिसऱ्यांदा आईने उचलला आणि ओरडून विचारलं, कोन? विक्की म्हटलं. म्हणाली, थांब रे बापू, पाहुणे जेवून राह्यले. किती जण विचारलं तर म्हणाली, का माहीत, अंगणातही पंगत हाये. धानोऱ्याचे आले का विचारलं. म्हणाली, आले ना, कालच आले. मग म्हणाली, कांताचं जमलं. पोरानं हो म्हनलं, हिनंही म्हनलं. तुले सांगनारच होतो आमी.

कालच आले. मी परवा निघालो.

साक्षी कुठे म्हटलं. आईने फोन कानापासून काढून तिला हाक मारली. गलका होता, भांडी वाजत होती, बाबा कोणाला तरी आग्रह करत होते. आणि त्या सगळ्यात साक्षी हसत होती. आधी मला ओळखूच आलं नाही. कोणीतरी काहीतरी बोललं आणि ती परत हसली, एवढ्या मोठ्याने की आईही हसायला लागली. लग्नाला सहा वर्षं झाली, मी तिला असं हसताना कधी ऐकलं नाही. जवळजवळ दहा महिने भिंतीला लागून बसलो होतो मी. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मग ती फोनवर आली आणि तिचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला, हलका. जेवले का जी, म्हणाली.

जेवलो म्हटलं. अजून जेवलो नाही.